ऊब : सकाळी सहा ते आठ

ऑनसाइट जायचं ठरलं की आपल्या प्रश्नांची यादी ठरलेली असते. कुकर न्यायचा की तिकडे मिळतो? तूरडाळ मिळते का? जाकीट इथून घ्यायचं की तिथे गेल्यावर? भाडं किती, बसचा पास किती, महिन्याला हातात उरतात किती? लीड्समध्ये नव्याने येणाऱ्या डझनभर पोरापोरींना तरी मी ही उत्तरं दिली असतील. पण ‘घरातली हीटिंग कशी चालते?’ असं आजवर एकानेही विचारलेलं नाही. आणि नोव्हेंबर उजाडला की जे फोन येतात, ते मात्र फक्त त्याच एका विषयावर!

साहजिक आहे म्हणा. पुण्या-मुंबईत अख्खं घर गरम करायचं ही कल्पनाच आपल्या डोक्यात नसते. थंडी पडली की कपाटातला स्वेटर काढायचा, फार तर रजई. आंघोळीपुरतं पाणी तापवलं की विषय संपला. इंग्लंडमध्ये पाणीही तापवायचं आणि घरही तापवायचं, तेही बहुतेक घरांत एकाच गॅस बॉयलरवर. हा बॉयलर पाणी तापवतो, ते पाणी पाइपांतून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये फिरतं आणि खोली उबदार होते. बॉयलरने कधी पेटायचं आणि कधी विझायचं, हे सांगणारी एक पांढरी डबी किचनच्या भिंतीवर नाहीतर जिन्याखालच्या कपाटात असते. तिचं नाव प्रोग्रामर. आपल्यातले निम्मे लोक पोटापाण्यासाठी प्रोग्रामरच असतात, तरी ही डबी दिसली की सगळ्यांचे चेहरे कोरे!

तर मंडळी, आजचा कॉलम या डबीवर. टेन्शन घेऊ नका, फंडा सोपा आहे.

दोन सह्या लागतात, बॉस!

प्रोग्रामर म्हणजे खरं तर एक घड्याळ. त्याला थंडी-वाऱ्यातलं ओ की ठो कळत नाही. सकाळी सहा ते आठ ‘हो’, संध्याकाळी पाच ते दहा ‘हो’, बाकी वेळ ‘नाही’, एवढंच त्याला पाठ असतं. हॉलमधला रूम थर्मोस्टॅट याच्या बरोब्बर उलटा. त्याला वेळ कळत नाही, फक्त तापमान कळतं. तुम्ही १९ अंशांवर ठेवलंत, तर १९च्या खाली तो म्हणणार ‘ऊब हवी’ आणि वर गेलं की ‘पुरे’.

ऑफिसात बिल पास व्हायला दोन सह्या लागतात ना, तसंच इथे. घड्याळ ‘हो’ म्हणालं आणि थर्मोस्टॅटही ‘हवी’ म्हणाला, तरच कागद पुढे सरकतो. पुढच्या टेबलावर असतो मोटराइज्ड व्हॉल्व्ह. पाइपवर बसवलेली ही छोटीशी मोटर रेडिएटरकडे जाणारी वाट उघडते. वाट पूर्ण उघडली की तिच्या आतलं बारीक स्विच दाबलं जातं, आणि मग कुठे पंप फिरतो आणि बॉयलर पेटतो. एक सही जरी मागे घेतली गेली, तरी सगळं बंद. म्हणून ‘थर्मोस्टॅट पंचवीसवर केला तरी रेडिएटर गारच’ असा रात्री अकराचा फोन आला, की मी आधी एकच विचारते, ‘घड्याळाची सही आहे का?’ बहुतेक वेळा नसते. दहाची वेळ संपलेली असते.

गरम पाण्याची फाइल वेगळी. जुन्या पद्धतीच्या घरांत वरच्या मजल्यावर एका कपाटात मोठी टाकी असते, तिला सिलिंडर म्हणतात. (आपला गॅसचा लाल सिलिंडर नव्हे!) तिच्या अंगाला एक थर्मोस्टॅट बांधलेला असतो, तो साधारण ६० अंशांवर ठेवतात. हा आकडा कोणाच्या मर्जीचा नाही. लिजिओनेला नावाचा जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात मजेत वाढतो आणि त्यातून गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. ६०ला त्याची डाळ शिजत नाही. म्हणून ‘आपल्याला कोमटच लागतं, ४५वर ठेवू, बिल वाचेल’ हा स्मार्टपणा टाकीच्या बाबतीत करायचा नाही. ६०चं पाणी भाजतं, तेव्हा नळाशी गार मिसळून घ्यायचं.

नव्या घरांत आणि फ्लॅट्समध्ये कॉम्बी बॉयलर असतो. त्याला टाकीच नाही. नळ उघडला की तो तिथल्या तिथे पाणी तापवून देतो. आजीच्या बंबात वरून जेवढं गार ओतावं तेवढंच गरम बाहेर यायचं, त्याचाच हा चुलतभाऊ म्हणा. कॉम्बी असेल तर प्रोग्रामर फक्त रेडिएटरांचं टाइमटेबल सांभाळतो, पाण्याचं नाही.

थर्मोस्टॅट म्हणजे ॲक्सिलरेटर नव्हे

आता सगळ्यात कॉमन भानगड. बाहेरून कुडकुडत आलात, घर १५ अंशांवर आहे, तुम्हाला हवेत १९. तुम्ही काय करता? चाक थेट ३०वर! म्हणजे लवकर तापेल. बरोबर?

अजिबात नाही. साधा थर्मोस्टॅट चालू-बंद एवढंच जाणतो. १९वर ठेवा नाहीतर ३०वर, घर १५वरून १९वर जायला तेवढाच वेळ लागतो. फरक एवढाच, की ३०वर ठेवलंत तर १९ला तो थांबत नाही. तासाभराने तुम्ही खिडकी उघडून बसता आणि गॅसचे पौंड रस्त्यावर उडून जातात.

हा गोंधळ फक्त देशी पब्लिकचा आहे असं समजू नका. विलेट केम्प्टन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८६मध्ये यावर एक गाजलेला निबंध लिहिला. लोक थर्मोस्टॅटकडे दोन तऱ्हांनी बघतात, असं त्याचं म्हणणं. काहींना तो नळासारखा वाटतो, जास्त फिरवला की जास्त ऊब येणार. काहींना कळलेलं असतं की तो पहारेकरी आहे, ठरलेली रेघ ओलांडली की थांबवणारा. केम्प्टनच्या अमेरिकेतल्या घरांपासून आपल्या ऑफिसांपर्यंत कथा सेम आहे. मीटिंग रूममध्ये शिरल्या शिरल्या एसी १६वर नेणारा महाभाग तुमच्याही टीममध्ये असेलच की! त्याला माझा नमस्कार सांगा. आणि २०२०पासून भारतात स्टार लेबलच्या एसीचं मुळातलं सेटिंग २४ ठेवायचा नियम आहे, तो का, हेही सांगा.

रेडिएटरच्या टोकाला १ ते ५ आकडे असलेली जी गोल खुंटी असते, तिचंही तेच. ५ म्हणजे ‘फुल स्पीड’ नाही, ५ म्हणजे ‘ही खोली खूप गरम होईपर्यंत थांबू नको’. बेडरूमला २, बसायच्या खोलीला ३ किंवा ४, असं खोलीप्रमाणे ठेवा. आकड्यांच्या आधी बर्फाच्या फुलाचं चिन्ह असतं, ते ‘पाइप गोठू देऊ नको, बाकी काही नको’ यासाठी.

बटणांची भाषा

डबीवरच्या बटणांनी तर भल्याभल्यांना रडवलंय. ‘ट्वाइस’ म्हणजे दिवसात दोनदा, सकाळ आणि संध्याकाळ. इथवर ठीक. पण ‘वन्स’ म्हणजे एकदाच थोडा वेळ, असं वाटलं ना? नाही हो! बऱ्याच डब्यांवर ‘वन्स’ म्हणजे सकाळी पहिल्यांदा चालू झाल्यापासून रात्री शेवटचं बंद होईपर्यंत सलग. काटकसर म्हणून ‘वन्स’ दाबणारे दिवसभर बॉयलर चालवून बसतात. ‘ॲडव्हान्स’ म्हणजे ‘पुढची वेळ आत्ताच आली असं समज’. चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. ‘प्लस वन’ म्हणजे आत्ता एक तास जादा, नंतर पुन्हा नेहमीचं टाइमटेबल. पाहुणे आले, मॅच लांबली, तर हे बटण बेस्ट.

आणखी एक. इंग्लंडची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे येतात. फोन आपोआप बदलतो, भिंतीवरची जुनी डबी बदलत नाही. हिवाळा जवळ आला आणि तुमचं घर तुम्ही उठायच्या एक तास आधी तापून, उठेपर्यंत गार होऊ लागलं, तर भूतबित काही नाही. घड्याळ तेवढं लावून घ्या.

स्मार्ट म्हणजे किती स्मार्ट?

‘आमच्याकडे तसलं काही नाही, आमच्याकडे ॲप आहे’ म्हणणाऱ्यांसाठी हा भाग. २०११मध्ये अमेरिकेत नेस्टचा गोल, चकचकीत, ‘शिकणारा’ थर्मोस्टॅट आला आणि भिंतीवरच्या या कंटाळवाण्या डबीला एकदम ग्लॅमर आलं. आज बऱ्याच कंपन्यांचे स्मार्ट कंट्रोलर मिळतात. त्यांतल्या काही गोष्टी खरंच भन्नाट आहेत. तुम्ही ‘सातला १९ अंश हवेत’ एवढंच सांगायचं. घर तापायला किती वेळ लागतो हे तो काही दिवसांत ओळखतो आणि त्या हिशोबाने आधी बॉयलर पेटवतो. काही कंट्रोलर बाहेरच्या हवेप्रमाणे बॉयलरच्या पाण्याचं तापमान कमी-जास्त करतात.

आणि सगळ्यात लोकप्रिय फीचर म्हणजे जिओफेन्सिंग. तुमचा फोन घरापासून लांब गेला की कंट्रोलर समजतो, घर रिकामं. तो तापमान १५-१६वर उतरवतो. फोन परत येऊ लागला की पुन्हा वर. बिल वाचतं, काही लक्षात ठेवावं लागत नाही. एकदम कूल!

फक्त एक लक्षात घ्या. त्याला माणसं दिसत नाहीत, फोन दिसतात. तेही तुम्ही ॲपमध्ये टाकलेलेच.

‘घरात कोणी नाही’

ही गोष्ट जानेवारी २०२३ची. त्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये बिलांची दहशत होती. ऑक्टोबर २०२१मध्ये साध्या घराचं वर्षाचं गॅस-विजेचं बिल सरकारी मर्यादेप्रमाणे साधारण १,२७७ पौंड धरलं जायचं. वर्षभरात, ऑक्टोबर २०२२ला, सरकारने मदत देऊनही तेच २,५०० पौंडांवर गेलं. आमच्या ग्रुपवर रेसिपी आणि क्रिकेट सोडून सगळे थर्मोस्टॅटवर बोलू लागले होते.

माझ्या एका मित्राची आई तेव्हा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. मित्र आणि त्याची बायको दोघंही आठला घर सोडणार, सहाला परतणार. माझं त्या दिवशी वर्क फ्रॉम होम होतं, म्हणून दुपारी मेथीची जुडी द्यायला त्यांच्याकडे गेले. दार उघडलं काकूंनी. अंगात दोन स्वेटर, वर शाल, कानाला मफलर. घरात शिरले तरी मला जाकीट काढवेना.

भिंतीवर त्यांचा नवाकोरा स्मार्ट कंट्रोलर होता. स्क्रीनवर १५ अंश, आणि खाली शब्द होता ‘अवे’. म्हणजे घरात कोणी नाही. आणि त्याच्या बरोबर खाली, खुर्चीत, काकू बसल्या होत्या.

दोन फोन ऑफिसला गेले की यंत्राच्या हिशोबात घर रिकामं होत होतं. काकूंचा फोन ॲपमध्ये नव्हताच. ‘काकू, तुम्ही सांगितलं का नाहीत?’ मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘अगं, बिल किती येतं ते ऐकते ना मी रोज जेवताना. आणि त्या मशीनला हात लावायला भीती वाटते, काही बिघडलं तर? सकाळी पोळ्या करते, दुपारी परत थोड्या करते. शेगडीपाशी बरं वाटतं.’

दुपारच्या पोळ्या ऊब मिळावी म्हणून! संध्याकाळी मुलगा-सून घरी येईपर्यंत घर पुन्हा १९वर. त्यांना कळणार कसं? ते कधी गार घर बघतच नव्हते.

तिथे कोणी वाईट नव्हतं. मित्र आईला जपणाराच. यंत्रही बिघडलं नव्हतं, त्याने सांगितलेलं काम चोख केलं होतं. टाइमटेबल मात्र ऑफिसला जाणाऱ्यांच्या सोयीचं होतं, आणि ते लावताना घरी राहणाऱ्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८च्या घर आणि आरोग्याच्या मार्गदर्शक सूचनांत थंड हवेच्या देशांसाठी घरात किमान १८ अंश सुचवलेत, आणि वृद्धांना, लहान मुलांना त्याहून जास्त लागू शकतात असंही म्हटलंय. गारठ्यात रक्तदाब वाढतो, छातीचे आजार बळावतात. ब्लड प्रेशरची गोळी घेणाऱ्या बाईला १५ अंशांत दहा तास, ही काही काटकसर नव्हे.

मी तिथूनच मित्राला फोन लावला. तो पाच सेकंद गप्प झाला. मग त्याने ऑफिसातूनच, ॲपवरून, तापमान वर नेलं. बॉयलर पेटल्याचा आवाज आला आणि काकू दचकल्या!

त्या रात्री त्यांनी तिघांनी बसून नवं टाइमटेबल केलं. जिओफेन्सिंग काकू असेपर्यंत बंद. दिवसा १९ अंश, पण वरच्या बेडरूमच्या खुंट्या २वर, कारण दिवसा तिथे कोणी नसतं. डायलच्या शेजारी मराठीत चिठ्ठी : ‘उजवीकडे गरम, डावीकडे गार, बिघडत नाही’. आठवडाभराने काकूंनीच सुधारणा सुचवली. दोन ते चार त्या पांघरुणात झोपतात, तेव्हा कशाला जाळायचं? तेवढा वेळ १७. घरात सर्वात जास्त वेळ असणाऱ्या माणसाच्या हातात डायल गेला, तेव्हा तो सर्वात नीट वापरला गेला. बिल वाढलं का? वाढलंच. पण दुपारच्या पोळ्या बंद झाल्या.

पुण्यातल्या गीझरचं काय?

‘आम्हाला काय त्याचं, आमच्याकडे रेडिएटर कुठेत?’ असं म्हणाल तर थांबा. तुमच्या बाथरूमातही हीच जोडी आहे. थर्मोस्टॅट गीझरच्या पोटात, आणि घड्याळाचं काम करणारं माणूस म्हणजे बहुधा आई.

हिशोब बघा. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गीझर. थंडीतलं २० अंशांचं पाणी ६०वर न्यायला साधारण ०.७ युनिट वीज आणि एकवीस-बावीस मिनिटं लागतात. म्हणजे आंघोळीच्या अर्धा तास आधी चालू केला तरी पुरे. रात्रभर चालू ठेवला तर थर्मोस्टॅट पाणी उकळू देत नाही हे खरं, पण टाकी निवत जाते आणि तो पुन्हा पुन्हा तापवत राहतो. गीझरच्या लोडला चालेल असा, १६ अँपियरचा टायमर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. साधा मोबाइल चार्जरवाला स्मार्ट प्लग इथे चालणार नाही, तो वितळेल.

बंगल्यात, रो-हाउसमध्ये सोलर असेल तर आणखी एक गंमत. ढगाळ दिवसांसाठी टाकीत विजेची बॅकअप कॉइल असते. ती संध्याकाळीच किंवा आंघोळी झाल्यावर सकाळी सुरू राहिली, तर ऊन यायच्या आत टाकी विजेवरच तापलेली. मग सूर्याने काय करायचं? कॉइलचा टायमर पहाटे, आंघोळीच्या आधी लावा. दिवसभर कमवायचं काम उन्हाचं, पहाटे कमी पडेल तेवढंच विजेचं.

आणि टायमर लावताना विचारा, सकाळी दहाला आंघोळ करणारं घरात कोण आहे? थंडीत भांडी घासायला येणाऱ्या मावशींना गरम पाणी मिळतं का? तुमची सातची आंघोळ झाली की टायमर बंद, आणि अकराला मावशींचे हात गार पाण्यात, असं तर नाही ना?

कट आउट अँड कीप

• भाड्याच्या घरात शिरल्या दिवशी घरमालकाला विचारा : बॉयलर कॉम्बी की टाकीवाला? प्रोग्रामर कुठे? थर्मोस्टॅट कुठे? मॉडेल नंबरचा फोटो काढून ठेवा.

• थर्मोस्टॅट १८ ते २० दरम्यान ठेवा आणि सोडून द्या. लवकर तापावं म्हणून फिरवू नका, लवकर चालू करा.

• कॉम्बी असेल तर रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचं तापमान ६०च्या आसपास आणून बघा. घर पुरेसं तापत असेल तर बॉयलर कमी गॅसमध्ये काम करेल. टाकीवाल्या घरात हा प्रयोग नको.

• डिसेंबरमध्ये इंडियाला येताना हीटिंग मेन स्विचवरून बंद करू नका, फ्रॉस्ट सेटिंगवर ठेवा. पाइप गोठून फुटला तर तिकिटाहून महाग पडेल.

• स्मार्ट कंट्रोलर घेताना बघा, ॲप नसलं तरी हाताने चालतो का. नेस्टच्या सुरुवातीच्या पिढ्यांचा ॲप सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये बंद झाला, भिंतीवरचा डायल तेवढा चालू राहिला.

• आई-बाबा येणार असतील तर विमानतळावर जायच्या आधी टाइमटेबल बदला, आणि आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून डायल दोनदा फिरवून घ्या.

तर आज घरी गेल्यावर त्या डबीकडे, नाहीतर गीझरच्या स्विचकडे एकदा बघाच. आणि तुम्ही ऑफिसात असताना जो घरी असतो, त्याला विचारा, ‘दुपारी गार वाटतं का?’ ‘नाही रे, चालतंय’ असं उत्तर आलं, तर एखाद्या दुपारी न सांगता घरी जाऊन बघा.

भेटू पुढच्या आठवड्यात!